आतडे किती उरले, हे आधी विचारा

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की वर्तमानपत्रांच्या आरोग्याच्या पानावर जुलाबांसाठीचे सल्ले येऊ लागतात. ताक प्या, सरबत घ्या, प्रोबायोटिकची पुडी घ्या, जुलाब थांबवणारी गोळी जवळ ठेवा. धडधाकट आतड्याच्या माणसाला यातले बरेचसे चालून जाते. पण ज्यांच्या लहान आतड्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेत काढावा लागला आहे, अशा मुलांच्या आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत यातला प्रत्येक सल्ला अंगाशी येऊ शकतो. या आजाराला शॉर्ट बॉवेल सिंड्रोम म्हणतात. त्यातल्या आतड्याच्या सुजेवर मराठीत फारच थोडे लिहिले जाते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रौढ माणसाचे लहान आतडे साधारण सहा मीटरचे. त्यातले २०० सेंटिमीटरपेक्षा कमी उरले, तर त्याला शॉर्ट बॉवेल म्हणतात. बाळांमध्ये आतड्याला पीळ पडणे, मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाचे आतडे सडणे, आतड्याचा मार्ग जन्मतःच बंद असणे किंवा आतडी पोटाबाहेर येणे ही मुख्य कारणे. मोठ्यांमध्ये आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होणे, पीळ पडणे, क्रोन्स आजार (आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणणारा आजार), अपघात. पण आकडा एकटा काही सांगत नाही. मोठे आतडे मुळीच जोडलेले नसेल, तर १०० सेंटिमीटर उरूनही शिरेतून पोषण द्यावे लागू शकते. मोठे आतडे जोडलेले असेल, तर ६० सेंटिमीटरवरही काही जण तोंडाने खाऊन राहतात. लहान आतड्याचे शेवटचे टोक आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप शाबूत असेल, तर मर्यादा ३०-३५ सेंटिमीटरपर्यंत खाली येते. म्हणून डॉक्टरांनी, परिचारिकेने, औषध दुकानदारानेही पहिला प्रश्न हाच विचारावा: किती उरले, आणि कुठले उरले?

दुसरा प्रश्न सुजेचा. शौच वाढले, पोट फुगले, वजन थांबले की "आतड्याला सूज आहे" एवढेच रुग्णाला सांगितले जाते आणि एखादे प्रतिजैविक सुरू होते. सूज हे निदान नव्हे. तिची किमान पाच-सहा कारणे आहेत आणि एका कारणावरचे औषध दुसऱ्या कारणात घातक ठरू शकते.

सगळ्यांत जास्त आढळते ती जिवाणूंच्या अतिवाढीतून येणारी सूज. आतडे आखूड झाले की उरलेला भाग हळूहळू रुंदावतो. रुंद नळीत अन्न पुढे ढकलले जात नाही, साचते. झडप काढलेली असेल, तर मोठ्या आतड्यातले जिवाणू उलटे वर चढतात. हे जिवाणू पित्ताम्लांचे विघटन करतात, त्यामुळे चरबी पचत नाही. ब जीवनसत्त्वातले बी-१२ ते स्वतःच खातात आणि फोलेट मात्र तयार करतात. म्हणूनच रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट वाढलेले दिसले, तर संशय पक्का करावा. आतड्याच्या आतल्या अस्तराची लव झिजते, शोषण आणखी घटते, आणि भिंत ओलांडून जिवाणू रक्तात जातात. ज्या मुलाच्या सेंट्रल लाइनला (शिरेतून पोषण देण्यासाठी मोठ्या रक्तवाहिनीत घातलेल्या नळीला) ई-कोलाय किंवा क्लेबसिएलासारख्या आतड्यातल्या जिवाणूंचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, त्याच्या बाबतीत फक्त लाइन हाताळणाऱ्यांना दोष देऊन थांबू नये. आतड्याकडेही पाहावे.

तपासणीतही फसगत होते. लॅक्ट्युलोज ही साखर देऊन केलेली श्वासाची चाचणी या रुग्णांत विश्वासार्ह नाही. आतडे आखूड असल्याने साखर लगेच मोठ्या आतड्यात पोचते आणि श्वासातला हायड्रोजन वायू तिथल्या जिवाणूंमुळेच वाढतो. ग्लुकोजची चाचणी त्यातल्या त्यात बरी, पण तीही चुकू शकते. दुर्बिणीतून वरच्या आतड्यातला स्राव काढून त्याचे कल्चर करता आले तर उत्तम. शौचातले कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन सूज आहे हे सांगते, कशामुळे आहे हे सांगत नाही. लहान बाळांत ते मुळातच जास्त असते आणि नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर कमी भरू शकते. एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. त्याच प्रयोगशाळेत दर दोन-तीन महिन्यांनी पाहिलेली चढउतार जास्त उपयोगाची.

उपचार म्हणजे प्रतिजैविके, पण पाळीने. साधारणपणे महिन्यातले ७ ते १४ दिवस औषध, उरलेले दिवस विश्रांती, आणि पुढच्या फेरीत औषध बदलायचे. रिफॅक्सिमिन, मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट ही नेहमीची नावे. रिफॅक्सिमिन प्रौढांना ५५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस, असे दिले जाते. मुलांची मात्रा वजनावर ठरते. मेट्रोनिडाझोल स्वस्त आहे म्हणून सहा-सहा महिने सलग घेतलेले दिसते. ते घेताना पायांच्या बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. चेतातंतूंची ती इजा औषध चालूच ठेवले तर वाढते. आणि दोन-तीन फेऱ्यांनंतरही गुण नसेल, तर चौथे प्रतिजैविक शोधण्याआधी बेरियमचा एक्स-रे किंवा स्कॅन करून कुठे आतडे आवळले आहे का, एखादा भाग फुग्यासारखा झाला आहे का ते पाहावे. अडथळ्याच्या वर साचलेल्या डबक्याला गोळीने निचरा मिळत नाही. तिथे शल्यचिकित्सकच हवा. रुंदावलेल्या आतड्याला दोन्ही बाजूंनी आलटून पालटून स्टेपल मारून ते लांब आणि अरुंद करण्याची स्टेप ही शस्त्रक्रिया २००३ पासून वापरात आहे.

याच जिवाणूंमुळे होणारा एक प्रकार तातडीच्या विभागात हमखास चुकतो. मूल किंवा मोठा माणूस एकाएकी अडखळत बोलतो, झिंगल्यासारखा चालतो, गुंगीत जातो. घरचे घाबरतात, मेंदूचे स्कॅन होतात, काही सापडत नाही. हा डी-लॅक्टिक ॲसिडोसिस असू शकतो. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले काही जिवाणू तिचे डी-लॅक्टेट बनवतात. नेहमीची लॅक्टेट चाचणी फक्त एल-लॅक्टेट मोजते, त्यामुळे अहवाल "नॉर्मल" येतो. रक्त आम्लधर्मी आहे, अनायन गॅप (रक्तातल्या क्षारांच्या आकड्यांतली तफावत) वाढलेला आहे आणि लॅक्टेट मात्र ठीक, असे तीन आकडे एकत्र दिसले की हे नाव आठवायला हवे. तोंडाने जाणारी पिष्टमय पदार्थांची भरती थांबवणे, शिरेतून द्रव आणि बायकार्बोनेट, तोंडाने प्रतिजैविक आणि सोबत थायमिन असा उपचार करतात. माणसांत हा प्रकार १९७९ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे, तरी अजून रुग्णाच्या नातेवाइकालाच तो डॉक्टरांपुढे मांडावा लागतो.

इथेच ताकाचा मुद्दा येतो. दह्यातले नेहमीचे काही जिवाणू स्वतः डी-लॅक्टेट बनवतात. ज्या रुग्णाला असा झटका एकदा येऊन गेला आहे, त्याने दही-ताक बंदच ठेवावे. बाकीच्यांनीही "पोटाला थंड" म्हणून तांब्याभर ताक पिण्याआधी आपल्या आहारतज्ज्ञाला विचारावे.

प्रोबायोटिकच्या पुडीबद्दल आमचे मत अधिक कडक आहे. छातीत सेंट्रल लाइन असलेल्या रुग्णाला ती देऊ नये. लॅक्टोबॅसिलस रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत. सॅकरोमायसिस बोलार्डी हे तर जिवंत यीस्ट. त्याची पुडी खाटेजवळ फाडली तरी भुकटी हवेत उडते, हाताला लागते आणि लाइनच्या तोंडाशी पोचते. युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ साली सेंट्रल लाइन असलेल्यांना ते निषिद्ध ठरवले. आपल्याकडे ही पुडी जुलाबाच्या बाकीच्या औषधांबरोबर सवयीने हातात ठेवली जाते. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला ती द्यायची असेल, तरी पुडी दुसऱ्या खोलीत फोडावी आणि हात साबणाने धुऊन मगच लाइनला स्पर्श करावा.

दुसरी सूज सांध्यावरची. आतड्याची दोन टोके जिथे शिवलेली असतात तिथे, कधी शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी, व्रण होतात. पोट दुखेलच असे नाही. मुलाचे हिमोग्लोबिन घसरत राहते, लोहाचे औषध दिले की चढते, थांबवले की पुन्हा खाली येते. शौचात रक्त डोळ्यांना दिसत नाही, पण गुप्त रक्ताची चाचणी होकारार्थी येते. अशा मुलाला वर्षानुवर्षे नुसते लोह देत राहणे चूक आहे. कोलोनोस्कोपी त्या सांध्यापर्यंत नेऊन पाहायला हवी आणि तिथल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला हवा. यावर मेसालामाइन, ब्युडेसोनाइड, प्रतिजैविके असे उपाय करतात. काहींना गुण येतो, काहींचा व्रण सांधा कापून नवा केला तरी पुन्हा होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मात्र या रुग्णांनी पूर्ण टाळावीत. ती व्रण वाढवतात आणि आधीच कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. तापाला पॅरासिटामॉल पुरते.

बाळांमध्ये गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही तिसरी शक्यता. अस्तराच्या तुकड्यात इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पेशी भरपूर दिसतात. आईचे दूध मिळत असेल तर तेच सर्वांत चांगले, आईने स्वतः दूध-दुभते बंद करून. नाही तर अमिनो आम्लांचे फॉर्म्युला. तेवढ्याने भागले नाही, तरच स्टिरॉइडचा विचार.

मोठ्यांत क्रोन्स पुन्हा उलटला आहे का हे पाहावे लागते, आणि आपल्या देशात त्याआधी क्षयरोग. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात. तुकड्याची क्षयासाठी तपासणी न करता स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करणे आम्हाला अक्षम्य वाटते. क्षय निघालाच, तर आणखी एक पेच असतो. गोळ्या नीट शोषल्या जातीलच असे नाही, म्हणून वजन, स्कॅन यांवर बारीक लक्ष ठेवून, शक्य तिथे रक्तातली औषधाची पातळी मोजून उपचार करावे लागतात.

संसर्गाची सूज पुणेकरांना समजावून सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम या चेतातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि पाण्यावर संशय गेला. आखूड आतड्याच्या माणसासाठी असा संसर्ग दोन दिवसांत रुग्णालय गाठायला लावतो. पिण्याचे, ओआरएसचे आणि औषध विरघळवण्याचे पाणी बारा महिने उकळूनच. नुकतीच प्रतिजैविकाची फेरी झाली असेल आणि शौच अचानक वाढले, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूची तपासणी विसरू नये.

पित्ताम्लांचा त्रास वेगळा. लहान आतड्याचे शेवटचे टोक १०० सेंटिमीटरपेक्षा कमी काढले असेल आणि मोठे आतडे जोडलेले असेल, तर न शोषलेली पित्ताम्ले मोठ्या आतड्याला चिडवतात. त्यावर कोलेस्टायरामिनची ४ ग्रॅमची पुडी चांगले काम करते. १०० पेक्षा जास्त काढले असेल, तर शरीरात पित्ताम्लेच अपुरी असतात आणि तीच पुडी चरबीचे जुलाब वाढवते. एकच औषध, पण सेंटिमीटर बदलले की परिणाम उलटा. बाकीची औषधे या पुडीच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर घ्यावीत, नाही तर तीही पुडीला चिकटून शौचातून जातात.

आता, सगळेच जुलाब सुजेचे नसतात, आणि हे तपासणे सर्वांत स्वस्त आहे. शौचाचा पीएच ५.५ च्या खाली आणि रिड्युसिंग शुगर (शौचात उरलेली साखर शोधणारी चाचणी) होकारार्थी आली, तर साखर पचत नाही एवढाच अर्थ. उसाचा रस, पन्हे, फळांचे रस, ग्लुकोजचे पाणी आधी थांबवा. औषधांच्या सिरपमधले गोडीसाठी घातलेले सॉर्बिटॉल हेही एक छुपे कारण आहे. लेबल वाचावे आणि शक्य तिथे गोळी चुरून द्यावी. मात्र सावकाश विरघळणाऱ्या किंवा आवरण असलेल्या गोळ्या विचारल्याशिवाय चुरू नयेत, आणि अशी गोळी स्टोमाच्या (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या) पिशवीत अख्खी दिसली तर डॉक्टरांना दाखवावी. ती पोटात लागूच पडलेली नाही.

पिशवी असलेल्या प्रौढांत दिवसाला दीड-दोन लिटरपेक्षा जास्त, मुलांत वजनाच्या दर किलोला ४० मिलीपेक्षा जास्त स्राव म्हणजे धोका. तहान लागते म्हणून साधे पाणी जितके प्यावे तितके मीठ बाहेर जाते, कारण वरच्या आतड्यातून गळणाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे १०० मिलीमोल सोडियम असते. साधे पाणी, चहा, सरबत मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटर पुरे, बाकी सगळे मीठ-साखरेच्या द्रावणातून. नेहमीच्या ओआरएसमध्ये ७५ मिलीमोल सोडियम असते. मोठे आतडे नसलेल्या प्रौढांना ते कमी पडते. त्यांच्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असे द्रावण वापरतात. बेकिंग पावडर नव्हे. चमच्याने मापू नका, सपाट आणि शीग यांत दुपटीचा फरक पडतो. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. घोट घोट प्या, २४ तासांनी उरलेले ओता. दुकानातली फळांच्या चवीची खोकी ही ओआरएस नव्हेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर तो शब्द छापायला मनाई केली, ते योग्यच झाले. मीठ पुरते की नाही हे लघवीतल्या सोडियमवरून कळते. २० मिलीमोलपेक्षा कमी आले तर शरीर मिठाला भुकेले आहे, आणि अशा मुलाचे वजन कितीही खाऊ घातले तरी वाढत नाही.

जुलाब थांबवणारे लोपरामाइड जेवणाआधी अर्धा तास घेतले तर जास्त उपयोग होतो. पण ताप, शौचात रक्त किंवा पोट टम्म फुगलेले असेल तेव्हा ते घेऊ नये. साचलेल्या जिवाणूंना ते आणखी वेळ देते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा महिने गरजेच्या असतात, कारण जठर तेव्हा भरमसाट आम्ल बनवते. पुढे त्या तशाच वर्षानुवर्षे चालू ठेवणे म्हणजे जिवाणूंना वरचा दरवाजा उघडून देणे. प्रत्येक भेटीत "ही अजून लागते का?" असे विचारावे.

खाण्याबद्दल थोडेच. दिवसातून सहा-आठ वेळा थोडे थोडे, पाणी जेवताना नाही, मधल्या वेळेत. मऊ भात, मूगडाळीचे वरण, तांदळाची उकड, अंडे, मासे. मोठे आतडे असलेल्यांनी पिष्टमय पदार्थ जास्त आणि तेल-तूप बेताने, शिवाय पालक, बीट, शेंगदाणे टाळावेत. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात जाते आणि मूतखडे होतात. आषाढी एकादशीची दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी या घरांत म्हणूनच जपून. मोठे आतडे नसलेल्यांना हे पथ्य नाही, त्यांनी उगाच उपाशी राहू नये. तोंडाभोवती आणि गुदद्वाराभोवती लाल चट्टे आले, केस गळू लागले, तर झिंक तपासावे. स्रावाच्या दर लिटरमागे साधारण १२ मिलिग्रॅम झिंक वाहून जाते आणि त्याच्याविना सुजलेले अस्तर भरून येत नाही.

आतड्याची लव वाढवणारे टेड्युग्लुटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत २०१२ साली प्रौढांसाठी आणि २०१९ साली एक वर्षावरील मुलांसाठी मंजूर झाले. ते रोज किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, त्वचेखाली देतात. त्याआधी मोठ्या आतड्यात पॉलिप नाहीत हे पाहावे लागते. किंमत सामान्य घराच्या आवाक्यापलीकडची आहे. म्हणूनच वर सांगितलेल्या स्वस्त तपासण्या आणि शिस्त यांना पर्याय नाही.

रुग्णालयांकडे आमचे दोन आग्रह आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती रचलेली आहे. या रुग्णांची खरी लढाई घरी चालते. ओआरएस, झिंक, स्टोमाच्या पिशव्या, लाइनची ड्रेसिंग, पाळीची प्रतिजैविके यांचा महिन्याचा संच सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर मिळावा.

दुसरा आग्रह शल्यचिकित्सकांकडे. शस्त्रक्रियेच्या टिपणात "पुरेसे आतडे शिल्लक" असे लिहू नये. आतडे मोजून सेंटिमीटर लिहावेत, आणि डिस्चार्जच्या वेळी एक कार्ड द्यावे. त्यावर काय आणि किती काढले, काय आणि किती उरले, झडप आहे की नाही, मोठे आतडे जोडलेले आहे की नाही, लाइन कधी टाकली, कुठली प्रतिजैविके चालू आहेत, हे मराठीत आणि इंग्रजीत असावे. खाली ठळक अक्षरांत दोन ओळी हव्यात: "लाइन असताना ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप आल्यास लाइनमधून आणि हातातून ब्लड कल्चर घेऊन त्याच तासात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे. अडखळते बोलणे किंवा झिंगल्यासारखी चाल दिसल्यास डी-लॅक्टेटचा विचार करावा." हे कार्ड फाइलमध्ये ठेवू नका. फाइल घरी राहते. ते मुलाच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, मोठ्यांच्या पाकिटात आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

आपले,
आतड्यांच्या रुग्णांसोबत काम करणारे आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि औषधनिर्माते,
पुणे